आढीत पिकलेली वाइन

महाडच्या बाजारात कोणी विचारलं तर मी सांगते, हॉटेलच्या खरेदीचं काम बघते. त्यात खोटं काही नाही. आमच्या मालकांची तीन हॉटेलं आहेत. एक महाडला हायवेवर, एक पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आणि एक वर महाबळेश्वरच्या वाटेवर. तिन्ही ठिकाणचे कांदे, तांदूळ, चादरी, साबण मी घेते. आणि वाइनही मीच निवडते. हे शेवटचं ऐकलं की समोरची बाई पदर सावरते आणि तिचा नवरा दोन पावलं जवळ येतो.

"म्हणजे रोज चाखायला लागते?"

लागते. चाखते आणि बादलीत थुंकते. हे सांगितलं की तोही दोन पावलं मागे जातो.

आधी मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. बिरवाडीत खोली घेऊन राहायचे. आलेला कच्चा माल तपासायचा, हे काम. त्यासाठी यंत्रं होती, पण पिंपाचं झाकण उघडलं की यंत्राआधी माझं नाक सांगायचं, ह्यात काहीतरी मिसळलंय. त्याच कारखान्याच्या कॅन्टीनचं कंत्राट दत्ताशेठकडे होतं. मूळचे पोलादपूर तालुक्यातले, बरीच वर्षं मुंबईत काढून परत आलेले. त्यांचं तळणीचं तेल मी दोनदा वासावरून परत पाठवलं. पुढे कारखान्याने माणसं कमी केली, त्यात मी होते. त्याच सुमारास दत्ताशेठनी हॉटेल काढलं आणि मला निरोप पाठवला, "माझं तेल परत पाठवणारी बाई मला खरेदीला पायजे. एकदम फिक्स." वाइन पुढे आली. हॉटेलला परवाना मिळाला, पुण्याचे पाहुणे मागायला लागले, आणि दत्ताशेठ म्हणाले, "सुनंदाबाई, नाक तुमचंच हाय, तुम्हीच शिका." मी नाशिकला जाऊन शिकले.

आईला हे कळलं तेव्हा ती तळ्यामागच्या आमच्या घरात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी पंचशील म्हणतेस ना गो? त्यातलं पाचवं, दारूचं, कुठं ठेवलंस?"

"आई, मी गिळत नाय. थुंकते."

"तोंडाला काय ठाऊक, आता गिळणार का थुंकणार?"

मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवसाला तळ्यावर माणसं येतात, आमचं घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा मी रजा घेते आणि भाकऱ्या थापते. आई सगळ्यांना सांगते, मुलगी हॉटेलात हिशेब बघते. मी दुरुस्ती करत नाही.

ज्यांना ह्या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाइन म्हणजे द्राक्षाचा आंबवलेला रस. काळी द्राक्षं सालींसकट आंबवली की तांबडी होते. नुसता रस आंबवला की पांढरी. पुढचा सगळा फरक जमीन, ऊन आणि करणाऱ्याचा स्वभाव ह्यांचा. नाशिकला रात्री गारवा पडतो, त्यामुळे तिकडच्या पांढरीत आंबटपणा टिकतो. सोलापूर-सांगलीकडे ऊन जास्त, तिकडची तांबडी अंगाने भरलेली. बंगळूरच्या डोंगरांतली बरीचशी ह्या दोघींच्या मधली. परदेशी बाटल्याही येतात, पण त्यांतल्या बऱ्याच बोटीत आणि गोदामात इतकं ऊन खाऊन येतात की बाटलीवरचं चित्र तेवढं ताजं राहतं.

पांढरीत मी आंबटपणा बघते. कोकमाचं सार पोटात जाण्याआधी जिभेच्या कडांना जाणवतं, तसा तो जाणवला पाहिजे. तांबडीत तुरटपणा बघते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तो तुरटपणा. तो अजिबात नसला तर सरबत, फार असला तर काढा. नाकाला काय मिळतं हे आमच्या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. हिरवी मिरची मोडल्याचा वास, पिकल्या पेरूचा वास, घाटातल्या करवंदांचा वास, हे सगळं वाइनमध्ये असतं. पुस्तकात ह्याच वासांना परक्या फळांची नावं दिलेली आहेत. मी ती पाठ केली, परीक्षा दिली आणि सोडून दिली.

निवडायची माझी एक रीत आहे आणि ती मी कुठल्या वर्गात शिकलेले नाही. शिकवतात असं की चाखताना समोर कोरडा पाव आणि पाणी, दुसरं काही नको. मी पहिल्या वर्षी तशीच निवड केली. यादी सुरेख झाली. पाहुण्यांनी त्या वाइनी आमच्या जेवणाबरोबर घेतल्या आणि अर्धे पेले तसेच टेबलावर ठेवून गेले. कारण आमच्याकडे कोणी कोरडा पाव खायला येत नाही. येतात ते कोंबडीचा रस्सा आणि वडे खायला, तळलेले बोंबील खायला. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण हे दांडगं प्रकरण आहे. त्याच्यासमोर भल्याभल्या तांबड्या गप्प बसतात, नाहीतर भांडायला उठतात.

तेव्हापासून निवडीच्या दिवशी सकाळीच चूल पेटते. बाटल्या माझ्या नवऱ्याच्या जुन्या मोज्यांत घातलेल्या असतात. धुतलेल्या, हे सांगायला हवं, कारण पाहुणे विचारतात. प्रत्येक मोज्यावर नंबर. कुठली वाइन कुठल्या जिल्ह्यातली, कोणाची, केवढ्याची, हे कळायची सोय नाही. आधी नुसती चाखायची, मग रश्श्याबरोबर, मग मत द्यायचं.

कोठारावर आमचे धोंडूकाका असतात. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतले. घरी म्हशी आहेत, नाचणी आहे, आणि खाली आमच्याकडे नोकरी. निवडीच्या दिवशी पहिली बाटली उघडली की ते त्यातले दोन थेंब कोपऱ्यात जमिनीवर सोडतात. जागेवाल्याचा मान. मी एकदा त्यांच्या हातात पांढरी दिली तर घेईनात.

"मॅडम, ही पाण्यावानी दिसते. द्येवाला फसवल्यासारखं व्हईल. तांबडी द्या."

गिऱ्हाइकांत चक्रम पुष्कळ. लाल वाइनमध्ये बर्फ मागणारे, पांढरीत सोडा ओतणारे. मी कोणाला अडवत नाही, पेला त्यांचा आहे. एकच जोडपं सांगते. महाडचे निवृत्त मास्तर, मला शाळेत भूगोल शिकवलेला. बायकोला घेऊन आले, खुर्चीत ताठ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुनंदा, डॉक्टरांनी हृदयासाठी रेड वाइन सांगितली आहे."

बाई म्हणाल्या, "डॉक्टर कुठले? ह्यांचे साडू."

"साडू डॉक्टर आहेत?" मी विचारलं.

"कंपाउंडर होता. तोही गुरांच्या दवाखान्यात."

मास्तरांनी अर्धा पेला घेतला आणि बाईंनी दुसरा अर्धा. पुढच्या महिन्यात परत आले तेव्हा हृदयाचा विषय निघाला नाही.

आता मुख्य गोष्ट. ती शैलाताईंची आहे.

दिंडोरीकडे त्यांची बाग. नवरा वारल्यावर खायच्या द्राक्षांच्या बागेतला एक तुकडा त्यांनी वाइनच्या काळ्या द्राक्षाला दिला आणि शेडमध्ये टाक्या बसवून स्वतः वाइन करायला लागल्या. मी बाग-बाग हिंडत होते तेव्हा त्यांच्याकडे पोचले. इतर ठिकाणी मला बागेतून फिरवत, फोटो काढत, मग एसीच्या खोलीत नेऊन पेला देत. शैलाताई टाकीवर चढून आत वाकल्या होत्या. वरूनच ओरडल्या, "कोण? वाइनवाल्या बाई? हात धुवा आणि ती नळी धरा." मी नळी धरली. काम संपल्यावर त्यांनी तीन टाक्यांतली चव दिली आणि तिसरीबद्दल आपणहून म्हणाल्या, "ही नका घेऊ. ही माझी चुकलीये." इतक्या वर्षांत आपला माल नका घेऊ म्हणणारा विक्रेता मला तो एकच भेटला.

त्यांची तांबडी आम्ही पेल्यावर विकायला घेतली. हे मोठं असतं. पूर्ण बाटली घेणारे थोडे, बहुतेक जण एक पेला मागतात. पेल्यासाठी जी बाटली उघडली जाते तीच सगळ्यात जास्त खपते आणि तिची जागा एकच असते. तीन हॉटेलांतली ती जागा म्हणजे शैलाताईंच्या तांबडीचा निम्मा खप. त्यांचे दीर अण्णा पहिल्यापासून म्हणत होते, वाइनची वेल उपटा, खायची द्राक्षं लावा, व्यापारी बांधावर येऊन घेऊन जातो. शैलाताईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्याकडची जागा गेली तर मी अण्णांना नाही म्हणू शकणार नाही. जेसीबी लागेल बागेला."

ती जागा मे महिन्यात जायची वेळ आली.

पोलादपूरच्या हॉटेलात एका पाहुण्याने पेला परत पाठवला. दत्ताशेठनी चाखला आणि मला महाडहून बोलावून घेतलं. मी चाखली. करवंदांचा वास गेलेला, त्याजागी शिजवलेल्या जांभळांचा गोडसर, थकलेला वास. दुसरी बाटली उघडली, तशीच. तिसरी तशीच.

"मोरावळा झालाय ह्याचा," दत्ताशेठ म्हणाले. "काढून टाका. त्या मोठ्या कंपनीचा माणूस मागे लागलाय, काचेचा फ्रिज पण देतो बोलतो फुकट."

"हीच वाइन मी फेब्रुवारीत चाखलीये. अशी नव्हती."

"तेव्हा नव्हती, आता हाय. पाहुणा फेब्रुवारीत जेवत नाय, आज जेवतो."

त्यांचं चूक नव्हतं. मी शैलाताईंना फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी बाटलीवरचा लॉट नंबर विचारला. मग म्हणाल्या, "त्याच लॉटच्या माझ्याकडे आहेत. आज सकाळीच एक उघडली. चांगली आहे." फोन ठेवताना म्हणाल्या, "येते मी."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची पिकअप आमच्या अंगणात उभी. स्वतः चालवत आलेल्या. मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बाटल्या. हातपाय धुतले, चहा नको म्हणाल्या आणि त्यांची एक व आमची एक बाटली शेजारी शेजारी उघडायला लावली. दत्ताशेठनी दोन्ही चाखल्या आणि भुवया वर केल्या.

"ताई, राग नको. पण तुम्ही दुसरा माल नाय कशावरून आणलात?"

शैलाताईंनी राग मानला नाही. आमच्या बाटलीचं बूच उचललं, उन्हाकडे धरलं. मग न उघडलेली एक बाटली मागवली आणि तोंडावर अंगठा फिरवला. बूच काचेच्या वर किंचित आलं होतं, कडेला चिकट ओघळ.

"ही तापलीये," त्या म्हणाल्या. "आतून फुगून बूच वर आलंय. कुठे ठेवता?"

कोठार. धोंडूकाका पुढे, आम्ही मागे. इथे एक सांगायला हवं. पावसात आंबेनळीचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून वर्षाचा बराच माल आम्ही उन्हाळ्याआधी भरतो. फेब्रुवारीत त्या बाटल्या आल्या तेव्हा मी काकांना सांगितलं होतं, काळोखात ठेवा, आडव्या ठेवा, गारव्याला ठेवा, धक्का लागू देऊ नका. त्यांनी मागची मातीच्या भिंतींची खोली दाखवली होती. भिंतीला हात लावला तर गार. ह्याहून चांगली जागा आमच्याकडे नव्हती.

काकांनी कडी काढली आणि दार उघडण्याआधीच मला वास आला. आंबे!

एप्रिलमध्ये हॉटेलसाठी कच्चे हापूस उतरले होते आणि काकांनी दरवर्षी घालतात तशी आढी ह्या वर्षी त्या खोलीत घातली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत भाताचा पेंढा, त्यात आंब्यांचे थर. आणि मधोमध, त्याच पेंढ्यात, व्यवस्थित ओळीने निजवलेल्या आमच्या बाटल्या. वर आणखी पेंढा पांघरलेला.

"बघा," काका अभिमानाने म्हणाले. "लेकरावानी निजवलीत. एकीला टिचकी लागली नाय."

शैलाताईंनी गुडघ्यावर बसून पेंढ्यात हात घातला, कोपरापर्यंत. ज्यांनी आढी कधी पाहिली नाही त्यांना सांगते, पेंढ्यात ऊब धरते, त्या उबेवर आंबा पिकतो. तिथे हात फार वेळ ठेववत नाही. त्यांनी एक बाटली बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. उबवायला ठेवलेल्या अंड्यासारखी गरम.

"आणि पांढरी?" मी विचारलं.

"ती फ्रिजात. पांढरी दुधावानी, नासंल. तांबडीला काय होतंय?"

दत्ताशेठचा चेहरा आता पेंढ्याहून गरम झाला होता. "काका, अक्कल गहाण ठेवलीत का? आंब्यात दारू पिकवता?"

"पिकवत नाय शेठ, सांभाळत व्हतो! मॅडमनीच सांगितलं, काळोख, आडवी, धक्का नको. सगळं केलं."

"अन् गारवा?"

"शिमग्याला गार व्हती की खोली!"

हे खरं होतं. दत्ताशेठ काकांना घरी पाठवायच्या गोष्टी बोलायला लागले तेव्हा शैलाताई पेंढा झटकत उठल्या.

"साहेब, ह्यांनी आंबा सांभाळतात तशी वाइन सांभाळली. आमच्याकडे लोक कांद्याच्या चाळीत ठेवतात. हे त्याहून बरे." मग काकांकडे वळल्या. "काका, तांबडीला म्हशीसारखं समजा. उन्हाळ्यात सावली आणि पाणी. पांघरूण नाही."

"म्हशीवानी?" काका विचारात पडले. "मग तसं बोलायचं ना आधी."

काकांवरचं संकट तिथे टळलं. दत्ताशेठ नरमले होते. त्यांनी सरळ सांगितलं, "ताई, वाइन तुमची चांगली. तापवली आम्ही. पेल्याची जागा तुमचीच, विषय संपला."

कोणीही बाई हे ऐकून पिकअपमध्ये बसली असती. बाग वाचली होती. शैलाताई म्हणाल्या, "नको. तुमच्याकडे मोज्यातली निवड करतात ना? ती करा. दयेनं लावलेली वाइन पाहुणा परत पाठवतो. आज फोडणीचा वास येतोय, बाकीच्या बाटल्याही असतील. बसू या."

विकणारा माणूस निवडीला कधी बसत नाही, हा माझा नियम. मी तसं म्हणाले. दत्ताशेठना आता कौतुक वाटायला लागलं होतं. ते म्हणाले, "बसू द्या. नंबरच तर हाय, कळणार काय तिला?"

मला माहीत होतं की कळणार. आपल्या हाताची भाकरी कोणाला कळत नाही?

मी मोजे चढवले. नाशिककडच्या दोन, सोलापूरकडची एक, बंगळूरकडची एक, त्या मोठ्या कंपनीची एक आणि शैलाताईंनी आणलेली. काकांनी जागेवाल्याचे थेंब सोडले, ह्या वेळी जरा जास्त. स्वयंपाकघरातून रस्सा आणि वडे आले. आम्ही तिघं बसलो. नुसतं चाखून झाल्यावर मला खात्री झाली की दोन नंबर शैलाताईंची आहे. काय वाइन होती ती! घाटात वळणावर गाडी थांबवावी आणि करवंदांची जाळी हाताशी यावी तशी. मी पहिला नंबर मनात देऊन टाकला. मग रस्सा घेतला, वर दोन नंबरचा घोट घेतला, आणि काहीतरी खटकलं. पण मी मत बदललं नाही. मला ती पहिली यायला हवी होती, हे उघड आहे.

दत्ताशेठनी पाच नंबर पहिला लावला. मी दोन. दोघांचे नंबर वेगळे, म्हणजे निकाल शैलाताईंच्या हातात. त्यांनी दोन नंबरचा पेला उचलला, वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख दिसली. मग वड्याचा तुकडा रश्श्यात बुडवला, सावकाश खाल्ला, परत घोट घेतला. पाच नंबरचं तसंच. परत दोन.

"पाच," त्या म्हणाल्या.

मोजा काढला. सोलापूरकडच्या एका वाइनरीची होती.

"ताई, दोन तुमची होती," दत्ताशेठ म्हणाले. "कळली नाय?"

"वासावरच कळली."

"मग येड लागलं का तुम्हाला?"

"साहेब, परत खाऊन बघा ना. माझी नुसती प्यायला चांगली आहे. पण मी ती लाकडी पिंपात फार ठेवली. लाकडाचा तुरटपणा आणि तुमच्या भाजलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा एकमेकांच्या अंगावर येतात. पाच नंबर खाली बसून जेवते. तुमच्याकडे लोक जेवायला येतात."

मला जे खटकलं होतं ते त्यांनी नेमकं सांगितलं. निम्मा खप, बाग, अण्णांचा जेसीबी, सगळं त्या टेबलावर होतं आणि बाईने घोट घेताना त्यातलं काही जिभेवर येऊ दिलं नाही. मी बरेच चाखणारे पाहिलेत, पदव्या असलेले, परदेशात जाऊन आलेले. स्वतःच्या वाइनबद्दल अशी जीभ ठेवणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही.

निकाल म्हणजे निकाल. पेल्याची जागा सोलापूरकडे गेली. शैलाताईंची तांबडी मी यादीत बाटलीवर ठेवली, ती थोडी खपणार हे त्यांना आणि मला दोघींना माहीत होतं. निघताना मी विचारलं, "आता अण्णांना काय सांगणार?"

"एक हंगाम मागणार. काय कमी आहे ते आज कळलं, ते न करता वेल उपटली तर उपटल्याचं वाईट वाटेल." पिकअप सुरू करून त्यांनी काच खाली केली. "ते वाटण कसं करता, ते स्वयंपाकाच्या बाईंना विचारून सांगा मला."

अण्णांनी एक हंगाम दिला, खरड छाटणीपर्यंतचा. म्हणजे फेब्रुवारीत द्राक्षं उतरली की एप्रिलमध्ये वेली छाटायच्या वेळी ठरणार, कात्री लावायची की जेसीबी. शैलाताईंनी द्राक्षं थोडी आधी तोडली, आंबटपणा राहावा म्हणून. लाकडाला हात लावला नाही, सगळी वाइन स्टीलच्या टाकीत. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला.

"चाखायला या. आणि येताना तुमचा रस्सा आणा. मी इथे करून बघितला, पण वाटण तसं येत नाही."

पुढे त्या तांबडीला मोज्यातून पेल्याची जागा परत मिळाली, ती अजून आहे. हे आताच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

वाइन निवडायला मी बऱ्याच ठिकाणी गेले आहे, पण मांडीवर बर्फाच्या खोक्यात रश्श्याचा डबा घेऊन पोलादपूरहून दिंडोरीला एकदाच गेले. शेडमध्ये पोचले तर अण्णा तिथेच एका क्रेटवर बसलेले. उंच, उन्हाने रापलेले, गप्प. जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलेला होता. शैलाताईंनी ते मला दारातच सांगितलं, हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात.

मी टाकीतली चव घेतली. करवंदं होती, तुरटपणा हलका, शेवटाला स्वच्छ आंबटपणा. लाकूड नाही. मी म्हणाले, "आवडली. पण मोज्यातून येईल, बाकीच्यांबरोबर."

"येऊ दे की," शैलाताई म्हणाल्या.

रस्सा गरम झाला, भाकरी झाली. अण्णांचं ताट तिथेच क्रेटवर दिलं.

"वाइनचं मला काही सांगू नका," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी चहा पितो."

"मी पण," मी म्हणाले. "तुम्ही जेवा."

आमचा रस्सा नाशिककडच्या माणसालाही जड जातो. चौथ्या घासाला अण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात बाजूला नेऊन चाचपडलं.

"वहिनी, तांब्या कुठंय?"

"तांब्या नाही. हे आहे." शैलाताईंनी टाकीतून भरलेला पेला ठेवला.

त्यांनी वहिनीकडे रागाने बघितलं आणि जीभ भाजत होती म्हणून घेतला. एक घोट. मग भाकरीचा तुकडा, रस्सा, परत घोट. शैलाताई पाठ करून टाकीवरची धूळ पुसत होत्या, तिथे धूळ नव्हती. अण्णांनी ताट पुसून खाल्लं, पेला रिकामा केला आणि तो क्रेटवर पुढे सरकवला.

"अजून थोडी घाला. रस्सा आहे का?"

रस्सा होता. दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

"अरे, उद्याचा जेसीबी नको रे. ... नाही, बाग ठेवतोय. ... का म्हणजे? तू असं कर, आताच ये इकडं. जेवायचा ये. रस्सा संपायच्या आत ये."